संशोधकांना वाट दाखवणारे स्वतः कुठे शिकतात?

२०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हजारो संशोधन-अनुदानं थांबवली किंवा रद्द केली. त्यातली काही पुढे न्यायालयाच्या आदेशांमुळे परत सुरू झाली. पण मधल्या काळात अनेक प्रयोगशाळांत एकच प्रश्न घोळत राहिला: आता पुढे काय? ज्यांनी दहा-बारा वर्षं एका प्रथिनाच्या, एका पोथीच्या किंवा एका समीकरणाच्या मागे घालवली, त्यांना विद्यापीठाबाहेरच्या जगाकडे पहिल्यांदाच नीट बघावं लागलं.

बातम्या आल्या त्या या संशोधकांबद्दल. मला आज लिहायचं आहे ते त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाबद्दल. कुठे त्याला करिअर सल्लागार म्हणतात, कुठे संशोधक-विकास अधिकारी. पद कुठलंही असो, काम एकच. वर्षानुवर्षं एका विषयात बुडालेल्या माणसाला विद्यापीठाबाहेर आपली जागा शोधायला मदत करायची. या कामाला नेणारी एकच ठरलेली पदवी नाही. मग ही माणसं हे काम शिकतात कुठे? बरंचसं ती एकमेकांकडून शिकतात, आणि ते कसं घडतं हे समजून घेणं संशोधकांच्याही फायद्याचं आहे.

सगळेच प्राध्यापक का होत नाहीत?

आधी थोडं गणित. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये एका अहवालात विज्ञानातल्या पीएच.डी.धारकांचा प्रवास मांडला होता. समजा, हजार जणांनी पीएच.डी. पूर्ण केली. त्यातले सुमारे ५३० त्यानंतर लगेचच विज्ञानाबाहेरच्या कामाकडे वळतात. विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधकाच्या पदापर्यंत साधारण ३५ पोहोचतात. प्राध्यापक होणारे पाचही नसतात. हे आकडे एका देशाचे आणि एका काळाचे आहेत, पण चित्र इतर ठिकाणीही फार वेगळं नाही. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका कार्यगटाने २०१२ मध्ये नोंदवलं की जैववैद्यकीय शाखेतल्या पीएच.डी.धारकांपैकी कायम किंवा कायम होऊ शकणाऱ्या अध्यापकपदांवर असलेल्यांचं प्रमाण १९९३ मध्ये ३४ टक्के होतं, ते २६ टक्क्यांवर आलं.

कारण साधं आहे. एक प्राध्यापक आपल्या कारकिर्दीत दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत नेतो. तो निवृत्त झाल्यावर जागा रिकामी होते एकच. बाकीच्यांनी काहीही चुकीचं केलेलं नसतं. मधली काही वर्षं पोस्टडॉक म्हणून जातात, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतबंद संशोधन-नोकरीत. एक करार संपतो, दुसरा मिळतो, कधी तिसराही मिळतो, आणि मग एक दिवस करार मिळत नाही.

बहुसंख्य लोक ज्या वाटेने जातात तिला अजूनही ‘पर्यायी करिअर’ म्हटलं जातं. मला हा शब्द खटकतो. नऊशे साठ-पासष्ट जणांची वाट पर्यायी आणि पस्तीस जणांची मुख्य, हे भाषेलाही मान्य होऊ नये. आणि शब्द निरुपद्रवी नसतो. सल्लागारासमोर येऊन बसणारा संशोधक आपण हरलो असं समजूनच येतो, आणि सल्लागाराचं निम्मं काम तिथूनच अवघड होतं.

सल्ला देणं इतकं अवघड का?

पदवीधर तरुणाला सल्ला देणं सोपं असतं असं नाही, पण त्यासाठी निदान मळलेल्या वाटा असतात. पस्तिशीतल्या संशोधकाचं तसं नसतं. त्याला येतं ते सल्लागाराला कळत नाही. सल्लागाराला माहीत असलेल्या नोकऱ्यांत आपण कुठे बसतो, ते त्याला कळत नाही. बाहेर पडायला एकच दार असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे शंभर दारं आहेत: औषधकंपनी, पेटंटचं काम, विज्ञान-प्रकाशन, सरकारी धोरण, डेटा-विश्लेषण, संग्रहालय, शाळा, स्वतःचा व्यवसाय. एका माणसाला ही सगळी दारं आतून माहीत असणं शक्यच नाही.

त्यात भर एकटेपणाची. हजारो संशोधक असलेल्या विद्यापीठातही या कामाला अनेकदा एकदोनच माणसं असतात. शेजारच्या टेबलावर विचारावं असं कुणी नसतं. बरेचसे सल्लागार स्वतः कधीकाळी संशोधक होते. हे त्यांचं बळ आहे, आणि धोकाही त्यातच आहे. त्यांना एक दार अगदी नीट माहीत असतं, ते स्वतः ज्यातून बाहेर पडले ते. ‘मी असं केलं, तुम्हीही करून बघा’ हा सल्ला मनापासून दिलेला असला तरी तो एकाच माणसाच्या अनुभवावर उभा असतो. कुठल्याही संशोधकाला विचारा, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढशील का? तो नाही म्हणेल.

एक छोटं उदाहरण घेऊ. विद्यापीठातला सीव्ही लांबलचक असतो: शोधनिबंधांची यादी, परिषदा, अनुदानं. बाहेरच्या नोकरीसाठी तो एक-दोन पानांत बसवायचा असतो. त्यामुळे बहुतेक सल्लागारांची ठरलेली सूचना असते, ‘तांत्रिक शब्द काढा, सगळ्यांना कळेल असं लिहा.’ मग ‘क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने प्रथिनांची रचना शोधली’ हे वाक्य जातं आणि त्याच्या जागी ‘गुंतागुंतीचा प्रकल्प यशस्वीपणे राबवला’ असं येतं. व्यवस्थापन-सल्ल्याच्या कंपनीत अर्ज करायचा असेल तर हे चालेल. पण औषधकंपनीत अर्ज करायचा असेल, तर भरती करणारा माणूस नेमकं त्या तंत्राचं नावच शोधत असतो आणि आपण ते पुसून टाकलेलं असतं. अशा दोन अर्जांचं काय झालं ते पाहिलेली दोन माणसं भेटली, तरच ही सूचना कुठे लागू पडते आणि कुठे अंगाशी येते ते कळतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरं. पण त्यासाठी पुढच्याने आपल्याला ठेच लागली हे सांगावं लागतं.

परस्परशिक्षण म्हणजे नक्की काय?

सारखंच काम करणाऱ्या माणसांनी आपापल्या कामातले खरे प्रश्न एकमेकांसमोर ठेवून शिकणं, याला मी या लेखात परस्परशिक्षण म्हणतो. कुणी वर्ग घेत नाही, कुणी परीक्षा घेत नाही. ही चहापानाची गप्पाही नव्हे. वेळ ठरलेली असते, बोलण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि समोर असतो तो आज सकाळीच अडलेला प्रश्न.

या पद्धतीला नीट आकार देणाऱ्यांत रेग रेव्हन्स हे नाव मोठं आहे. १९०७ मध्ये जन्मलेला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये लांब उडीत उतरलेला हा ब्रिटिश माणूस मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अणूच्या गाभ्याचा शोध लावणाऱ्या रदरफोर्डच्या काळात तो काम करत होता. तिथल्या आठवड्याच्या बैठकांची आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. नोबेल मिळवलेली किंवा मिळवणार असलेली माणसं त्या खोलीत बसून आपल्याला काय कळलं याच्यापेक्षा आपल्याला काय कळत नाहीये हे सांगायची. १९३५ मध्ये रेव्हन्सने प्रयोगशाळा सोडली आणि तो एसेक्स परगण्यात शिक्षण-प्रशासनात गेला. महायुद्धानंतर तो ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात शिक्षणाचा प्रमुख होता. खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकवण्यापेक्षा एकमेकांच्या खाणीतल्या अडचणी सोडवायला बसवा, असा त्याचा आग्रह होता.

त्याचं सूत्र सोपं होतं. शिकणं म्हणजे ठाऊक असलेलं ज्ञान, अधिक नेमका प्रश्न. पहिलं पुस्तकातून मिळतं. दुसरं मिळतं ते आपल्यासारख्याच अडचणीत असलेल्या माणसांकडून.

रेव्हन्स स्वतः प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला संशोधक होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रयोगशाळेतली बैठक त्याने बरोबर नेली आणि खाणीत वापरली. ‘तुमच्या हातातलं कौशल्य दुसरीकडे उपयोगी पडतं’ असं सल्लागार संशोधकांना रोज सांगतात. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मार्गदर्शिका आहेत, मग भेटायचं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. साधनं खरंच कमी नाहीत. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या विकासासाठी व्हिटाए या संस्थेने एक आराखडा केला आहे. त्याच्या २०१० च्या मूळ आवृत्तीत चार मोठे विभाग, बारा उपविभाग आणि संशोधकाच्या अंगी असाव्यात अशा ६३ गोष्टी होत्या. अमेरिकेत २०१२ पासून माय-आयडीपी नावाचं स्वतःची आवड आणि कौशल्यं तपासून योजना आखण्याचं साधन आहे. हे सगळं वाचून काम का भागत नाही?

याचं उत्तर संशोधनाच्या जगातच सापडतं. कॅनडाच्या संरक्षण-प्रयोगशाळेतून १९७० मध्ये एका नव्या प्रकारच्या लेसरची घोषणा झाली. माहिती छापून आली आणि इतर प्रयोगशाळांनी तो बांधायला घेतला. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या अशा प्रयोगशाळांचा अभ्यास करून १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याला दिसलं की नुसते छापील लेख वाचून एकाही प्रयोगशाळेला चालणारा लेसर बांधता आला नव्हता. ज्यांना जमलं, त्यांचा तो आधी बांधलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता, येणं-जाणं, फोन, एखाद्याचं तिथे जाऊन राहणं. लिहिणारे काही लपवत होते असंही नेहमी नव्हतं. कुठली गोष्ट लिहिण्याजोगी आहे हेच त्यांना कधी कधी ठाऊक नव्हतं. एखादी तार किती लांब असावी, यासारखी क्षुल्लक वाटणारी बाबच निर्णायक ठरायची.

धातू आणि काचेच्या यंत्राची ही कथा, तर माणसांबद्दल वेगळं काय असणार? ‘संशोधकाचा आत्मविश्वास वाढवा’ हे आराखड्यात लिहिता येतं. पण समोरचा माणूस तीन मिनिटं गप्प बसला तर आपण बोलायचं की थांबायचं, हे लिहून कळत नाही.

ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांचा असाच अभ्यास केला. त्यांच्याकडे जाडजूड माहितीपुस्तिका होत्या. तरी यंत्र अडलं की ते एकमेकांना आधीच्या दुरुस्त्यांचे किस्से सांगायचे, जेवताना, कॉफी पिताना. वरून बघणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटला असता. पण पुस्तिकेत नसलेला बिघाड त्या किश्शांमधूनच सापडत होता. चुकलेल्या दुरुस्तीचा किस्सा हेच त्यांचं पाठ्यपुस्तक होतं.

एक बैठक, जवळून

आता प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. पुढचा प्रसंग मी समजावण्यासाठी रचला आहे, पण या कामातल्या माणसांना तो ओळखीचा वाटेल.

सहा वेगवेगळ्या संस्थांमधले सहा सल्लागार महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटतात. पाऊण तास. आज एक जण आपलं प्रकरण मांडणार आहे. तिच्याकडे एक पोस्टडॉक बाई आल्या होत्या. सात वर्षांत तीन करार झाले होते आणि शेवटचा चार महिन्यांत संपणार होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “मला दुसरं काही येत नाही.” सल्लागाराने त्यांना धीर दिला, त्यांच्या कौशल्यांची यादी करून दाखवली, एका पानाचा सीव्ही कसा करायचा ते समजावलं, पाच जाहिरातीही पाठवल्या. त्यानंतर त्या बाई आल्याच नाहीत. ई-मेलला उत्तरही नाही. “माझं काय चुकलं?” हा सल्लागाराचा प्रश्न.

मांडायला पाच मिनिटं. पुढची पंधरा मिनिटं इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळणं फार जड जातं, कारण सल्ला देणं हाच सगळ्यांचा पेशा.

“त्यांनी सीव्ही मागितला होता का?”

“नाही. मीच सुचवला.”

“तासाभरात त्या किती बोलल्या आणि तुम्ही किती?”

थोडं थांबून ती म्हणते, “मीच जास्त बोलले.”

“विद्यापीठ सोडायचा विचार आहे, हे त्यांच्या प्राध्यापकांना माहीत आहे का?”

“ते मी विचारलंच नाही.”

“पाठवलेल्या पाचही जाहिरातींना शिफारसपत्र लागत होतं?”

इथे ती पुन्हा थांबते. लागत होतं. पाचांपैकी चारांना. आणि शिफारसपत्र द्यायचं होतं त्याच प्राध्यापकांनी.

मग दहा मिनिटं प्रकरण मांडणारीने कॅमेरा बंद करून नुसतं ऐकायचं. बाकीचे आपापसांत बोलतात, जणू ती तिथे नाहीच. एकाला वाटतं, ‘येत नाही’ म्हणजे कौशल्य नाही असं त्यांना म्हणायचंच नव्हतं, ‘मी दुसरं कुणी व्हायला तयार नाही’ असं म्हणायचं होतं. दुसरी सांगते, तिच्याकडेही असाच एक जण आला होता आणि त्याला नोकरीपेक्षा आधी आपल्या प्राध्यापकांशी हे कसं बोलावं ते हवं होतं. दोघांनी मिळून ते संभाषण आधी बोलून पाहिलं, मगच पुढची पावलं सुचली. तिसरा कबूल करतो की त्याने अशाच एका माणसाला घाईने जाहिराती पाठवल्या होत्या. तोही परत आला नाही, आणि ही गोष्ट तो आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतो आहे.

शेवटची काही मिनिटं तिची. ती काय करणार ते एका वाक्यात सांगते. आणखी जाहिराती पाठवणार नाही, एक छोटं पत्र लिहिणार: त्या दिवशी मी घाई केली, तुम्हाला हवं तेव्हा या, नोकरीबद्दल बोललंच पाहिजे असं नाही.

बैठकीचा हा साचा नवा नाही. मायकेल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये साध्या कुटुंब-डॉक्टरांचे असेच गट सुरू केले. डॉक्टर आपल्याला अडलेला रुग्ण गटासमोर मांडायचे आणि चर्चा रोगावरून हळूहळू डॉक्टर-रुग्णाच्या नात्याकडे वळायची. वर केलेल्या प्रश्नांमध्येही तेच घडलं. एकही प्रश्न नोकऱ्यांच्या बाजारपेठेबद्दल नव्हता.

पण हे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवणं नाही का?

सहाही जण त्याच पाण्यातले. तज्ज्ञ कुणीच नाही. मग एकमेकांना काय शिकवणार?

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. व्हिसाचे नियम, कामगार कायदा, पेटंट-परीक्षकाची पात्रता, मानसिक आजाराची लक्षणं, हे सहा सल्लागारांनी एकमेकांना विचारून ठरवायच्या गोष्टी नाहीत. तिथे जाणकारालाच बोलवावं. त्या बाईंचं ‘मला दुसरं काही येत नाही’ हे नैराश्यातून आलेलं असेल तर त्यांना डॉक्टरची गरज आहे, आणि ते ओळखून त्यांना तिकडे पाठवणं हे गटाचं पहिलं काम. ठाऊक असलेल्या ज्ञानाच्या जागी गप्पा ठेवा, असं रेव्हन्सनेही कधी म्हटलं नाही.

पण वरच्या प्रसंगात कमी काय पडलं होतं? माहिती नव्हती असं नाही. एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. राहून गेलेला प्रश्न स्वतःचा स्वतःला दिसत नाही. दुसऱ्याला तो पटकन दिसतो, कारण त्याला आपलं काम सिद्ध करायचं नसतं. शिवाय ते सहा जण सारखे नसतात. एकाच्या संस्थेत अभियंते जास्त, दुसरीकडे इतिहासकार. एकजण आधी कंपनीत होता, एक प्रकाशनात. एकाला जे दार माहीत नाही, त्याचा उंबरठा दुसऱ्याने ओलांडलेला असतो.

स्पर्धक संस्था एकमेकांना का सांगतील? आणि गोपनीयतेचं काय?

स्पर्धेची भीती मला फारशी खरी वाटत नाही. संस्था विद्यार्थी आणि अनुदानं यांसाठी भांडतात. एखाद्या पोस्टडॉकशी प्राध्यापकाबद्दल कसं बोलावं, यात लपवण्यासारखं काही नाही.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि इतर पेशांपेक्षा इथे तो जास्त नाजूक आहे. सामान्य प्रकरणात नाव आणि गाव बदललं की माणूस ओळखू येत नाही. संशोधकाचं तसं नसतं. ‘अमुक लिपीतल्या ताम्रपटांवर काम करणारी’ एवढं म्हटलं की जगातले दहा-बारा लोकच उरतात, आणि गटातला एखादा त्यातल्या तिघांना ओळखत असतो. विषय हीच त्याची ओळख. म्हणून चांगल्या गटात नावाआधी विषय बदलतात. ताम्रपटांच्या जागी ‘एक दुर्मीळ मानव्य विषय’, सात वर्षांच्या जागी ‘बरीच वर्षं’. संस्थेचं नाव नाही, प्राध्यापकाचं तर नाहीच. शक्य असेल तिथे त्या व्यक्तीला आधी विचारायचं. ज्या प्रकरणाचा एवढा वेश बदलूनही माणूस ओळखू येईल, ते मांडायचंच नाही. बैठकीचं ध्वनिमुद्रण तर कधीच नको. यात तडजोड करणाऱ्या गटात मी तरी बसणार नाही.

यात संशोधनाचा वेळ वाया जात नाही का?

हा आक्षेप बहुतेक वेळा प्राध्यापकांकडून येतो: ‘विद्यार्थ्यांना बाहेरच्या करिअरची स्वप्नं दाखवलीत तर प्रयोग कोण करणार?’ त्यांची काळजी खोटी नाही. अनुदानाची मुदत असते, निकाल दाखवावे लागतात.

इथे एकत्र शिकण्याचा एक ठोस फायदा झालेला दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ आणि २०१४ मध्ये मिळून १७ संस्थांना बेस्ट नावाच्या कार्यक्रमाखाली निधी दिला. संशोधकांना वेगवेगळ्या करिअरची ओळख करून देणारे उपक्रम करून बघा, असं सांगितलं. प्रत्येकाने वेगळा उपक्रम केला, पण माहिती एकत्र आणली. त्यातल्या दहा संस्थांच्या नोंदी जोडून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा उपक्रमांत भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांना पदवीला जास्त वेळ लागला का, त्यांचे शोधनिबंध कमी झाले का, हे त्यात तपासलं. सरासरीने तसं दिसलं नाही, अगदी भरपूर भाग घेणाऱ्यांतही नाही. एकट्या संस्थेने हा निष्कर्ष काढला असता तर ‘तुमच्याकडे विद्यार्थीच हुशार असतील’ म्हणून कुणीही तो बाजूला सारला असता.

एकमेकांच्या चुकाच पक्क्या होणार नाहीत ना?

माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर आक्षेप हा आहे. सारखी माणसं वारंवार भेटली की सारखंच बोलू लागतात. ‘तुमची कौशल्यं सगळीकडे चालतात’ हे वाक्य आपल्या पेशात इतक्या वेळा ऐकलं आहे की ते तपासायचं राहून जातं. सगळी कौशल्यं सगळीकडे चालत नाहीत. काही पुन्हा शिकावी लागतात, आणि काही वेळा पहिली नोकरी खालच्या पायरीवरून सुरू होते. हे संशोधकाला आधी सांगितलं नाही तर तो पुढे आपल्यावर का विश्वास ठेवील?

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्हींना गटाबाहेर जावं लागतं. एक, बाहेर पडलेल्या संशोधकांना आणि त्यांना कामावर घेणाऱ्यांना अधूनमधून गटात आणणं. भाषण नको, तुम्हाला आमचा कुठला सल्ला निरुपयोगी ठरला, एवढंच विचारायचं. दुसरा, माणसं प्रत्यक्षात गेली कुठे याची नोंद ठेवणं.

ही नोंद वाटते तितकी सोपी नाही. एक संस्था पोस्टडॉकला ‘नोकरीत’ धरते, दुसरी ‘प्रशिक्षणात’ धरते, तिसरी मोजतच नाही. मग तिघींचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. अमेरिकेतल्या अनेक संस्थांमधल्या मंडळींनी एकत्र बसून यासाठी तीन थरांचं वर्गीकरण केलं: कुठल्या क्षेत्रात आहे, कुठल्या प्रकारचं करिअर आहे, प्रत्यक्ष काम काय करतो. हे वर्गीकरण जन्माला आलं ते हाताने याद्या भरणाऱ्यांच्या रोजच्या वैतागातून. मानव्य आणि समाजशास्त्रांच्या पीएच.डी.धारकांसाठी २०१७ मध्ये आलेलं इमॅजिन-पीएचडी हे साधनही अशाच सल्लागारांच्या संघटनेने केलं. विज्ञानवाल्यांसाठी आधीपासून साधन होतं, यांच्यासाठी नव्हतं.

वेळ आणि पैसा कोण देणार?

ब्रिटनमध्ये २००२ च्या रॉबर्ट्स अहवालाने पीएच.डी. करणाऱ्यांना वर्षाला किमान दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळावं असं सुचवलं. त्यासाठी वर्षाला सुमारे दोन कोटी पौंड मिळू लागले आणि अनेक विद्यापीठांत या कामासाठी माणसं नेमली गेली. २०११ मध्ये हा वेगळा निधी संपला. संशोधकांच्या करिअर-विकासासाठी तिथल्या संस्थांनी मान्य केलेल्या २०१९ च्या सुधारित करारनाम्यात संशोधकांसाठी वर्षाला दहा दिवस व्यावसायिक विकासाला मिळावेत असं नमूद आहे. संशोधकांचे दिवस अशा रीतीने लिहून ठेवलेले आहेत. त्यांना मदत करणाऱ्यांचा स्वतःच्या शिकण्याचा वेळ मात्र बहुतेक ठिकाणी जेवणाच्या सुट्टीतून काढलेला असतो. सल्लागाराच्या कामाच्या वर्णनात ‘महिन्याला दोन तास, परस्परशिक्षणासाठी’ अशी एक ओळ घालायला कुठल्याही संस्थेला मोठा निधी लागत नाही. ही ओळ असावी असं माझं ठाम मत आहे. निधी संपतो, पद जातं, आणि माणूस गेला की त्याच्याकडची शंभर प्रकरणंही जातात. गटात मांडलेली तेवढी मागे उरतात.

सुरुवात करायला संघटना, संकेतस्थळ, बोधचिन्ह काही लागत नाही. वेगवेगळ्या संस्थांतले चार-पाच जण, एक ठरलेली वेळ, आणि पहिलं प्रकरण मांडायला तयार असलेला एक जण लागतो. एक अट मात्र मी घालीन. पहिलं प्रकरण फसलेलं असावं. पहिल्याच बैठकीत कुणी यशस्वी उपक्रमाची चित्रफीत दाखवली की पुढचे सगळे तेच करतात. मग वर्षभर सगळे एकमेकांना यश दाखवत बसतात आणि अडलेला प्रश्न ज्याचा त्याच्याकडेच राहतो.

वरच्या प्रसंगातल्या गटाची पुढची बैठक सुरू होईल ती मागच्या महिन्याच्या प्रकरणापासून. पत्र पाठवलं का? पाठवलं. तीन आठवडे काही नाही, मग चार ओळींचं उत्तर आलं. त्या बाईंना अजून नोकरीबद्दल बोलायचं नाही. त्यांच्याच विषयातून बाहेर पडलेल्या एखाद्या व्यक्तीशी अर्धा तास बोलता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं आहे. सल्लागाराच्या ओळखीत असं कुणी नाही. ती पडद्यावरच्या पाच चेहऱ्यांना विचारते. दोघे हात वर करतात.